एकच रक्तगट

धाकट्याशी वाजलं, तेव्हा आईने थोरल्यालाच घराबाहेर काढलं होतं. त्यानंतर तिने त्याचा फोनसुद्धा कधी उचलला नाही. आता धाकटा दवाखान्यात पडला, अंगात रक्त उरलं नाही, तेव्हा तिने आपणहून फोन केला, "ये रे राजा."

रक्तपेढीच्या बाकावर ती थोरल्याला अगदी खेटून बसली. पाठीवरून हात फिरवत राहिली. रक्त दिल्यावर चक्कर यायला नको म्हणून बिस्किटांचा पुडा आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

दोघांचा रक्तगट एकच निघाला. आता याचं रक्त त्याला चालतं का, तेवढं बघायचं राहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी धाकट्याच्या रक्ताचं वरचं पिवळसर पाणी नळीत घेतलं, त्यात थोरल्याच्या रक्ताचा थेंब सोडला आणि थोड्या वेळाने नळी उजेडात धरून हलवली. तळाशी लाल गोळा झाला होता, काही केल्या सुटेना.

"बघ आई, कसं घट्ट धरलंय एकमेकांना." थोरला नळीकडे बोट दाखवत म्हणाला. आईने त्याचा हात दाबला.

बाईंनी नळी खाली ठेवली. "रक्त चालणार असतं तर गोळा झालाच नसता. हे तुमच्या भावाला दिलं, तर त्याच्या जिवावर बेतेल."

आईने हात सोडवून घेतला. त्याच्या मांडीवरचा पुडा उचलून पिशवीत टाकला.


"मग तू कशाला बसलायस इथे?"