मिलच्या चाळीतली मधली भिंत

चाळ खाली कराले आलेला साहेब आज पुन्हा हात हालवत परत गेला, अन् प्रेमिलाचं डोकं सणकलं.

या खेपेले सासू तयार होती. गोपिकाबाईनं सकाळीच सांगून टाकलं होतं, घेऊन टाका नवी खोली, मले का करायचं इथं. तर शेजारची भागीरथाबाई अडली. गोपिका हो म्हणते ना, मंग मी नाही म्हणतो, म्हणे. मागच्या खेपेले भागीरथाबाई तयार होती, तवा सासू अशीच अडली होती.

दोघींच्या खोल्यांत भिंत एकच. एक खोली पाडली का दुसरी बसलीच समजा. म्हणून साहेबाले दोघींचा होकार संगच पाहिजे होता.

मिल बंद पडली, चारही बाजूनं शहर येऊन भिडलं, अन् आता मिलच्या चाळीवरून रस्ता जाणार होता. बाकीचे लोक केव्हाचे निघून गेले. गोपिकाबाईच्या घराले शहराच्या एका टोकाले, वाडीले खोली मिळत होती, आत नळ असलेली. भागीरथाबाईले कळमन्याले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाले. प्रेमिला म्हणे, बरंच आहे, एकमेकीचं थोबाड तरी दिसणार नाही. तोवर तिले मात्र मिलच्या फाटकापलीकडून पाण्याचे गुंड डोक्यावर आणा लागत.

भांडण तरी कशाचं? एका फुटक्या बादलीचं. साहेब पहिल्यांदा टेप घेऊन जागा मोजाले आला, त्याच आठवड्यात दोघी अशा भांडल्या का सारी चाळ गोळा झाली. जन्मभर मिलमध्ये समोरासमोरच्या मशिनीवर काम केलेल्या बाया. तेव्हापासून एक शब्द नाही. तिले सांग, हिले सांग, करत प्रेमिलाचेच पाय तुटून राहिले होते. दोघींची टाळकी एकमेकीवर आपटावी वाटे तिले.

आताही दोघी आपापल्या ओट्यावर तोंडासमोर तोंड करून बसल्या होत्या. ओठ सारखे हालत. सासूच्या तोंडात ना दात, ना सुपारी. शिव्याच पुटपुटत असन, दुसरं का.

तेवढ्यात बाबाराव आले. मिलमध्ये दोघी त्यांच्याच हाताखाली होत्या. रस्त्याचं रोलर चाळीच्या तोंडाशी धडधडून राहिलं होतं, कोणाचं कोणाले ऐकू येत नव्हतं. प्रेमिलानं गुंड खाली आदळला अन् त्यांच्या कानाशी ओरडून सारं गाऱ्हाणं सांगितलं. काकाजी, तुम्ही तरी समजवा या दोघींले.

बाबाराव ओट्यांकडे पाहतच राहिले. रोलर थांबलं, तवा ते गालात हसत होते.

"मिलमध्ये आम्ही सारे असेच बोलत होतो, पोरी," ते म्हणाले. "मशिनीपुढं आवाज कोणाचा चालते? ओठ पाहून समजून घ्यायचं."

प्रेमिलानं सासूकडे पाहिलं. मंग भागीरथाबाईकडे.

"मंग काय म्हणून राहिल्या त्या?"

"भागीरथा म्हणते, गोपिका, पुढच्या खेपेले हो मी म्हणतो. नाही म्हणाची पाळी तुही."