मुसळाचे दोन घाव

टिनपत्र्यांच्या छताच्या लोखंडी पाइपाला दोन्ही हातांनी लटकून दुधराम ओरडत होता, "लटका साऱ्या! टिना उडाल्या त एकेकीची चामडी काढीन."

लटकायला घरात होतं तरी कोण? मुलगा कामाला परगावी. बायको नंदाबाई आणि पोटुशी सून रुचिका. दुधरामच्या मुठीत मात्र जोर होता. नंदाबाईच्या पाठीला तो लग्नापासून ठाऊक होता. आज दुपारीही तिनं एक खाल्ली होती. मोबाइलवर वादळाचा इशारा आला म्हणून सासू-सुनेनं मातीच्या जाड भिंतींची, ठेंगणी कोठीची खोली रिकामी केली. दाराशी धानाची पोती रचली, पाणी आणि बॅटरी ठेवली. दुधरामला आला राग. "म्या नवं छत टाकलं, अन् याईले उंदरावानी कोठीत लपाचं हाय," म्हणत त्यानं बायकोला ठेवून दिली.

आता केशोरी गावाकडच्या धानाच्या बांध्यांवरून ते वादळ येत होतं. दरसालचं वावधान, साधी वावटळ, नव्हतंच ते. आभाळाला टेकलेला, गरगर फिरणारा काळा खांब होता, आणि त्यात फांद्या होत्या, कोणाच्या तरी गोठ्याच्या टिना होत्या, एक बकरी होती. वारा ढकलत नव्हता, वर ओढत होता. कोपऱ्यातली एक टिन सुटली आणि अंगणातल्या म्हशीची मान अर्धी कापून पुढं गेली. म्हैस रेकलीसुद्धा नाही.

"बाबा, सोडा ते," रुचिका कोठीच्या दारातून किंचाळली. "छतासंगं तुमीबी जासान!"

"नंदे, मुसळ फेक अंगणात!" दुधराम ओरडला. वावधान सुटलं की घरच्या बाईनं अंगणात मुसळ टाकायचं, म्हणजे वारा बसतो, अशी त्या घरची रीत.

नंदाबाईनं मुसळ उचललं. तेवढ्यात छत पाइपासकट हातभर वर उठलं. दुधरामचे पाय जमिनीवरून सुटले, डोळे पांढरे झाले, तरी मूठ काही सुटेना. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असाच तो माणूस. नंदाबाई अंगणाकडे गेलीच नाही. तिनं मुसळ घुमवून त्याच्या उजव्या मुठीवर हाणलं. मग डाव्या हातावर. हाडं मोडल्याचं त्या घोंघावण्यातही ऐकू आलं. दुधराम कोसळला. झिंज्या धरून तिनं त्याला कोठीत ओढलं, रुचिकानं दार लोटलं, आणि बाहेर अख्खं छत कडाकडा उपटून निघालं.

वारा गेल्यावर लोक जमले. छत तळ्यापलीकडच्या मोहाच्या झाडाला गुंडाळलेलं सापडलं, पाइपाचा पार पीळ झालेला. ते पाहून शेजारचा सेवकराम नंदाबाईकडे वळला. "वहिनी, नवरा वाचवला तुमी," तो म्हणाला, आणि साऱ्या गल्लीनं माना डोलावल्या.

दवाखान्यातून दोन्ही हात गळ्यात बांधून दुधराम परतला. उघड्या पडलेल्या घरात नंदाबाई त्याला भात भरवू लागली. जवळ कोणी नाही असं पाहून तो हळूच बोलला. बायकोशी इतक्या हळू तो कधी बोललाच नव्हता.

"नंदे, पयल्या घावातच म्या दोनी हात सोडून देल्ले होते. दुसरा काऊन हाणला?"

नंदाबाईनं पुढचा घास कालवला, त्याच्या तोंडात घातला.

"पयला तुमचा जीव वाचवाले होता," ती म्हणाली. "दुसरा माहा."