हाताचं वळण

"आजचा दिवस तरी तो पट्टा काढून ठेव ना," होडीत बसताना ऋजुता म्हणाली.

"चोवीस तास घातला तरच हाताला वळण लागतं," शर्विल म्हणाला. व्हायोलिनची मान मुठीत आवळायची त्याची खोड जाता जात नव्हती. आता डाव्या हातानं काहीही आवळलं, की व्हायोलिनच्या गुरुजींनी मनगटावर बांधलेला पट्टा बोटं सैल करायचा.

पलीकडे पोहोचल्यावर धक्क्याची शिडी त्याच्यामागून चढताना शेवाळावरून ऋजुताचा पाय घसरला. उजव्या हातानं दांडा धरून त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट पकडलं.

बोटं आपोआप उघडली. ऋजुता खाली होडी आणि धक्क्यामधल्या पाण्यात पडली, आणि लाटेसरशी होडी धक्क्यावर येऊन आपटली.

पट्ट्यातून गुरुजींचा ध्वनिमुद्रित आवाज आला, "शाब्बास! सुटली मूठ. अंगठा असाच सैल राहू दे."