हात लावू नये

दार उघडेना.

मुरुडजवळच्या एका वाचनालयाच्या नव्या, गारेगार अभ्यासिकेत तिघे अडकले होते : अध्यक्ष दादा, चिटणीस सरोजिनीबाई आणि ग्रंथपाल सलिल. कमळही होती, कोपऱ्यात लादी पुसत. पण ती कार्यकारिणीत नव्हती, म्हणून मोजली नाही.

आत येताना कार्ड दाखवलं, दार उघडलं. मग ते पाठीमागे आपोआप मिटलं. आतून ना कडी, ना मूठ, ना कार्ड दाखवायची जागा.

दादा या पायावरून त्या पायावर गेले. सकाळी रक्तदाबाची गोळी झाली होती; ती पाणी काढते. त्यावर सत्काराची दोन शहाळी. मुतारी बाहेर, सात पावलांवर. दाराच्या काचेतून तिची पाटी स्वच्छ वाचता येत होती.

"दार बसवणाऱ्या दिपेशला फोन लाव."

"लावला, दादा," सलिल म्हणाला. "आगरदांड्याहून लाँचमध्ये बसलोय म्हणाला आणि कटला. आता रेंज नाही."

"पलीकडे दिघीला कधी पोचेल?"

"वीसेक मिनिटं."

दादांनी डोळे मिटले.

दाराशेजारी भिंतीवर एक काचेची चौकोनी पट्टी निळी चमकत होती. तिच्यावर हाताचा पंजा काढलेला. पंजाखाली सरोजिनीबाईंच्या वळणदार अक्षरात, लॅमिनेट करून : हात लावू नये.

"हे काय आहे?"

"काय ते माहीत नाही, पण नवं आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पोरांचे तेलकट हात लागायच्या आत पाटी लावली. चित्र आयतंच होतं."

सलिलने बोट पुढे केलं. "लावून बघू?"

"वाचनालयात नोकरी करतोस ना? मग वाच."

दादांनीही मान हलवली. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. सूचना म्हणजे सूचना. "दाराच्या खोक्यातलं माहितीपुस्तक काढ," ते म्हणाले. "प्रस्तावना गाळ."

सलिल वाचू लागला. तिसऱ्या पानाला दादा खिडकीतल्या मनीप्लँटच्या कुंडीकडे निरखून पाहत म्हणाले, "कार्यकारिणीने जरा तोंड फिरवावं."

तेवढ्यात बादली घेऊन कमळ आली आणि तिने ओला तळवा त्या पंजावर ठेवला. हिरवा दिवा. कट्. दार उघडलं.

"अगं, लिहिलेलं दिसत नाही तुला?"

"दिसतं तर. वाचता कुठं येतं, बाई? सकाली त्यो दिपेश मना सांगून गेला, भायेर जायाचं तर हातावर हात ठेवायचा."

"मग इतका वेळ गप्प का?"

"मना वाटलं, मीटिंग चाललीय."

हे ऐकायला दादा थांबले नव्हते.

परत आले ते गुणगुणतच. सरोजिनीबाई तयारच होत्या. "दादा, वाचनालयाला हे शोभत नाही. सोमवारपासून कमळला अक्षरओळख सुरू करू."

"करू ना," दादा म्हणाले. "पण घाई नको."

आणि आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी कमळची बादली पायाने हळूच दारात सरकवली.