उजवी काडी

“झोपेत चष्म्यावर पडले,” असं सांगून मुलीनं वाकडा चष्मा काउंटरवर ठेवला.

चष्मेवाल्यानं तो उचलून दिव्याखाली धरला. चोवीस वर्षं तो या काउंटरमागे बसत होता. कुणी चष्म्यावर बसलं की दोन्ही काड्या बाहेर फाकतात, हातातून पडला की काचेचा कोपरा उडतो. गिऱ्हाईक थापा मारतं, चष्मा मारत नाही. या चष्म्याची उजवी काडी आत दबली होती, बिजागरी पिळवटली होती, आणि नाकावरची गादी जिथं रुतली होती तिथं मुलीच्या नाकावर ताजी खपली होती. म्हणजे जे झालं ते चष्मा चेहऱ्यावर असतानाच झालं होतं. आणि दोन महिन्यांत तिसऱ्यांदा.

मुलगी सतरा वर्षांची. चष्म्याशिवाय तिला हातभर अंतरावरचंही धड दिसत नव्हतं. मान पुढे काढून, डोळे बारीक करून ती चष्मेवाल्याचा चेहरा वाचायला बघत होती. शेजारच्या खुर्चीत पाय पसरून चष्मेवाल्याचा मुलगा बसला होता. तिच्याच वर्गातला, सहा महिन्यांपूर्वी दोघांचं जमलं होतं. घरचं दुकान असताना बाहेर कशाला, म्हणून तोच दरवेळी तिला इथं आणायचा. तिचा फोन त्याच्या हातात होता आणि तो निवांतपणे तिचे मेसेज वाचत होता.

“सांग ना पप्पांना, किती वेंधळी आहेस ते,” तो मान वर न करता म्हणाला.

ती लगेच हसली. उशिरा हसली असती तर नंतर तेही ऐकावं लागलं असतं.

चष्मेवाल्यानं मुलाला पलीकडच्या गल्लीतून घासायला दिलेल्या काचा आणायला पिटाळलं. तो कुरकुरत उठला, पण उठला. तिचा फोन मात्र घेऊन गेला.

तो उठला, हे तिच्या बरोबर लक्षात आलं. तो वर्गात कुणाला भीक घालत नसे, पण बापानं नुसतं म्हटलं की उठायचा. घरी सांगावं तर कॉलेजच बंद झालं असतं. मैत्रिणी त्यानं एकेक करून तोडायला लावल्या होत्या. उरला होता तो हा एकच माणूस.

चष्मेवाल्यानं काडी गरम केली आणि पकडीनं हळूहळू बाहेर ओढली. मग डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतला. मुलगाही डावखुराच, बापावर गेलेला.

“हे झोपेत झालेलं नाही,” तो म्हणाला.

तिचा बांध फुटला. वर्गातल्या एकाला वही दिली म्हणून पहिल्यांदा, फोन उचलायला उशीर झाला म्हणून दुसऱ्यांदा, आणि परवा तर काहीच झालं नव्हतं, हे सगळं तिनं भडाभडा सांगून टाकलं. सांगताना नजर सारखी दाराकडे जात होती, तरी दार काही तिला दिसत नव्हतं.

“काका, तो तुमचं ऐकतो. तुम्ही एकदा बोला ना त्याच्याशी.”

चष्मेवाला काही दगड नव्हता. पोर चांगल्या घरची होती, रडताना हुंदकासुद्धा दाबत होती, आणि त्याला तिची खरोखर दया आली. त्यानं तिच्यापुढे काच पुसायचं मऊ फडकं सरकवलं. तिनं त्या फडक्यानं डोळे पुसले आणि पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसली.

मग त्यानं सरळ केलेला चष्मा बाजूला सारला. हा आता चौथ्यांदा टिकायचा नाही, म्हणाला. वाकून सगळ्यात खालचा खण उघडला आणि एक राखाडी फ्रेम काढली. तिची काडी बोटाला गुंडाळली, सोडली. काडी होती तशी सरळ झाली.

“तुझ्या काचा यात बसवून देतो,” तो मायेनं म्हणाला. “कशीही वाकली तरी तुटत नाही. त्याच्या आईलाही हीच दिलीये. अठरा वर्षं झाली, एकदाही तक्रार नाही.”