न वापरलेला कोट

“कोट पिशवीतच राहू दे, आई. सील फुटलं की कर बुडाला,” मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला.

विमानतळावर कर परत देणाऱ्या खिडकीपुढे रांग होती. तिचं शेपूट थेट सरकत्या काचेच्या दारापर्यंत गेलं होतं, आणि शेपटाशी हे दोघं. दार उघडलं की बर्फाळ वारा आत घुसायचा. आईने सुनेचे दोन स्वेटर एकावर एक चढवून वर शाल गुंडाळली होती. तरी तिचे दात वाजत होते.

कोट थंडीसाठीच घेतला होता. गडद निळा, आतून लोकरीचा, आईनेच पसंत केलेला. पण न वापरता देशाबाहेर नेला तरच कर परत मिळतो, हे मुलाला दुकानातच कळलं आणि कोट पिशवीत गेला तो गेलाच. प्रवासभर आई कुडकुडली, कोट मात्र उबेत राहिला. आता परत घरी, जिथे पंख्याखालीही घाम येतो.

मुलाला या करांचं भारी वेड. कुठला देश किती घेतो, कुठला परत देतो, कुठला हात वर करतो, सगळं तोंडपाठ.

“आधीच्या देशात कर कमी होता, पण परत फुटकी कवडी नाही,” तो रांग सरकेल तसा सांगत होता. “इथे जास्त घेतात, पण परत देतात. डोकं चालवावं लागतं.”

“आणि अंग गारठलं तर चालतं?” आईने विचारलं. त्याने ऐकलं नाही.

खिडकीतल्या अधिकारी बाईंनी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

“काय म्हणतायत?”

“वापरलाय का विचारतायत. नाही म्हणून सांगतो.”

बाईंनी शिक्का उचलला. तेवढ्यात आईने पिशवी अलगद ओढून घेतली आणि टरकन फाडली. शाल मुलाच्या खांद्यावर टाकली. कोट अंगात चढवून खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली.

“आई, अगं, नुसता शिक्का मारायचाय. मग विमानात घाल ना.”

“विमानात पांघरूण फुकट देतात. सांग त्यांना, आत्ताच वापरायला काढलाय.”

बाईंनी आईकडे पाहिलं आणि शिक्का खाली ठेवला.

बाहीला लोंबणारी किमतीची चिठ्ठी आईने दातांनी तोडली आणि मुलाच्या हातावर ठेवली.

“हा घे तुझा परतावा. विमानाला वेळ आहे ना अजून?”

उत्तराची वाट न बघता ती रांगेच्या कडेने परत दाराकडे चालत गेली. दार सरकलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. दोन्ही हात खिशात घालून ती त्यात जाऊन उभी राहिली.

उघड्या दारातून वारा आत आला. मुलाने खांद्यावरची शाल अंगाभोवती ओढून घेतली.