टिपणिसांचं सॉफ्टवेअर

नऊ वर्षांच्या हेमालीला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं. तळे गावच्या शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरने तिला चार महिन्यांत वाचायला शिकवलं. तिच्या शिक्षिका क्रांतीबाईंना राहवेना. मधल्या सुट्टीत त्यांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टिपणिसांना आभार मानायला फोन लावला.

“अजून चालतंय?” टिपणीस हरखले. “तीन वर्षं विकलं, पुढे पाच वर्षं सांभाळलं. मग बंदच केलं, बाई.”

“चालतंय काय! त्यातल्या मावशी किती मायेने शिकवतात. पोर चुकली तरी रागावत नाहीत.”

टिपणीस हळूच म्हणाले, “बाई, त्यात आवाज नव्हताच. नुसती चित्रं आणि अक्षरं होती.”

तेवढ्यात कॉम्प्युटरच्या रिकाम्या वर्गातून हाक आली, “हेमाली, ये गं. आता जोडाक्षरं.”

“आले, मावशी!” हेमाली अंगणातून आत धावली.

फोनसकट बाईंचे हात आपोआप जोडले गेले.